नमुन्यातली प्रथिनं काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं मशीन) काम करणारी एम.फार्म. आणि एम.एस्सी.ची मुलं, दूध तपासणारे केमिस्ट, गडहिंग्लज-जयसिंगपूरकडच्या पॅथॉलॉजी लॅबमधले टेक्निशियन असे सगळे मला प्रश्न पाठवत असतात. विषय फिरून तोच असतो: रक्त, दूध, लघवी यांतली प्रथिनं काढायची कशी, आणि काढताना चुकतं कुठे. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. ‘निवळ’ म्हणजे सेंट्रिफ्यूजनंतर वर राहणारा स्वच्छ द्राव, तुम्ही सुपरनॅटंट म्हणता तो. ‘साका’ म्हणजे तळाला बसलेला प्रथिनांचा गोळा.

१. प्रथिनं काढायचीच कशाला? प्लाझ्मा पातळ करून सरळ मशीनला दिला तर चालणार नाही काय?

नाही चालणार. एक लिटर प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रावात) साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं असतात, आणि आपण शोधत असतो ते औषध एका मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे मशीनच्या कॉलममधून (पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीतून) वाहणाऱ्या द्रावात, अॅसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल असतंच. प्लाझ्मा आत गेला की त्याची तिथे गाठ पडते आणि जे साकळणं ट्यूबमध्ये व्हायला हवं होतं ते कॉलमच्या तोंडाशी होतं. फ्रिट (कॉलमच्या तोंडाची जाळी) चोंदते, प्रेशर चढत जातं आणि महागडा कॉलम काही इंजेक्शनांत निकामी होतो.

दुसरंही एक कारण आहे, आणि त्याकडे मुलांचं लक्ष कमी जातं. प्लाझ्मातले एन्झाइम जिवंत असतात. ट्यूब टेबलावर राहिली की तुमचं औषध किंवा मेटाबोलाइट (शरीरात औषधापासून बनलेला पदार्थ) तुटत राहू शकतं. प्रथिनं साकळली की हे काम थांबतं. लॅक्टेट किंवा एटीपी मोजणारे लोक नमुना हाती येताच गार पर्क्लोरिक आम्लात टाकतात ते यासाठीच.

२. प्रथिनं साकळतात म्हणजे नक्की काय होतं?

दूध नासताना पाहिलंय ना, तेच. प्रथिनाचा रेणू पाण्यात तरंगतो कारण त्याच्याभोवती पाण्याचं वेष्टण असतं आणि त्याच्या अंगावरच्या सारख्या विद्युतभारामुळे रेणू एकमेकांना दूर ठेवतात. यातलं एक किंवा दोन्ही काढून घेतलं की रेणू एकमेकांना चिकटतात.

प्रत्येक रसायनाची तऱ्हा वेगळी. अॅसिटोनायट्राइल, मिथेनॉल, अॅसिटोन हे पाण्याचं वेष्टण ओढून घेतात. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल (यापुढे टीसीए) आणि पर्क्लोरिक आम्लात प्रथिनावर धनभार येतो आणि आम्लाचा ऋण आयन त्याला धरून न विरघळणारा क्षार बनवतो. झिंक सल्फेटमधलं झिंक प्रथिनाच्या ऋणभारित जागा पकडतं, म्हणून ते फार आम्लधर्मी द्रावात नीट काम करत नाही. अमोनियम सल्फेट पाणी स्वतःकडे घेतं. पण त्यात प्रथिन मोडत नाही, पाणी मिळालं की पुन्हा विरघळतं. प्रथिन शुद्ध करायला ते उत्तम, पण आपल्या कामाला एकटं पुरत नाही.

आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीतल्या उसाच्या रसात रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि वर आलेली मळी काढून टाकतात. तिथलं रसायन वेगळं आहे, पण बारीक कण एकत्र आणून रस निवळायचा ही कल्पना कोल्हापूरच्या मुलाला नव्याने सांगावी लागत नाही.

३. मग वापरायचं कोणतं? अॅसिटोनायट्राइल, मिथेनॉल, टीसीए, पर्क्लोरिक…?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि विचारताना जवळजवळ कुणीच सांगत नाही की मोजायचं काय आहे. प्रथिन घालवणं सोपं आहे. त्याच्याबरोबर आपला रेणू जाऊ न देणं हे खरं काम. तेव्हा आधी तुमच्या रेणूबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: आम्लात टिकतो का, पाण्यात विरघळतो की तेलकट आहे, आणि पुढे कोणत्या मशीनवर जाणार आहे.

आम्लात मोडणारा असेल, तर टीसीए आणि पर्क्लोरिक दोन्ही बाद. ओमेप्राझोल आणि पेनिसिलीन जी ही ठळक उदाहरणं. तेलकट, पाण्याला भिणारा रेणू असेल तरी आम्ल टाळा. पाणीदार आम्लात तो साक्याबरोबर खाली बसतो. अशा रेणूंना अॅसिटोनायट्राइल बरं. एलसी-एमएसवर (एचपीएलसीला रेणूचं वस्तुमान मोजणारं मशीन जोडलेलं) जायचं असेल तरी सॉल्व्हंटच घ्या, कारण टीसीए सिग्नल दाबतं.

उलट, लहान आणि पाण्यात सहज विरघळणारे रेणू असतील तर आम्लं उत्तम. अमिनो आम्लांसाठी सल्फोसॅलिसिलिक, जीवनसत्त्व क साठी मेटाफॉस्फोरिक. मेटाफॉस्फोरिक प्रथिनं तर काढतंच, शिवाय अॅस्कॉर्बिक आम्लाचं ऑक्सिडेशनही रोखून धरतं, म्हणून तिथे दुसरं काही सुचवत नाही.

काहीच माहीत नसेल, तर तीन पट गार अॅसिटोनायट्राइलने सुरुवात करा आणि रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या औषधातलं किती हाती आलं ते, पाहा (प्रश्न ८).

४. अॅसिटोनायट्राइल किती घालायचं? मिथेनॉल स्वस्त पडतं, ते तेवढंच घातलं तर?

१०० मायक्रोलिटर प्लाझ्माला ३०० मायक्रोलिटर अॅसिटोनायट्राइल हे नेहमीचं माप. दोन पट घातलं तरी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रथिन जातं, पण काठावर काम करण्यात अर्थ नाही. एक पट घालून साका दिसला म्हणून खूश होऊ नका. त्यात पुष्कळ प्रथिन वरच राहिलेलं असतं.

मिथेनॉल त्याच मापात कमी पडतं, चार पटीपर्यंत जावं लागतं. त्याचा साका बारीक, रव्यासारखा असतो आणि बसायला वेळ घेतो. अॅसिटोनायट्राइलचा साका गुठळीदार, लवकर बसतो. मात्र या गुठळीत औषध अडकू शकतं. म्हणून सॉल्व्हंट एकदम ओतू नका. ट्यूब व्हॉर्टेक्सवर (ट्यूब घुसळणाऱ्या यंत्रावर) फिरती ठेवून घाला आणि नंतर किमान मिनिटभर व्हॉर्टेक्स करा. बारीक साक्याचा हाच फायदा, काही औषधांची रिकव्हरी मिथेनॉलमध्ये चांगली येते.

पिपेटबद्दल एक: हे सॉल्व्हंट उडणारे आहेत, टोकातून ठिबकतात. टिप दोन-तीनदा त्याच सॉल्व्हंटने भरून-रिकामी करून मग माप घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे टाळलं की मापातली चूक डोळ्यांना दिसते.

५. सेंट्रिफ्यूज किती आरपीएमला? आमच्याकडचं छोटं मशीन ४,००० च्या वर जात नाही.

आरपीएम विचारू नका, ‘जी’ विचारा. सूत्र असं: १.११८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरला १०,००० आरपीएमवर सुमारे ८,९०० जी मिळतात. १० सेंमी त्रिज्या आणि ४,००० आरपीएम असेल तर जेमतेम १,८०० जी. दोघांनी ‘दहा मिनिटं फिरवलं’ असं वहीत लिहिलं तरी काम एक झालेलं नाही.

मला १०,००० जीच्या आसपास, ४ अंशांवर, दहा मिनिटं पुरेशी वाटतात. कमी ताकदीचं मशीनच हाताशी असेल तर अॅसिटोनायट्राइल वापरा, वेळ वाढवा, आणि निवळ काढून दुसऱ्या ट्यूबमध्ये पुन्हा एकदा फिरवा.

६. निवळ पांढरट दिसतंय. फिल्टर करून इंजेक्ट करू काय?

थांबा, आधी कारण बघा. सॉल्व्हंट कमी पडलं असेल तर फिल्टर उपयोगाचा नाही. विरघळलेलं प्रथिन ०.२२ मायक्रॉनमधून आरामात जातं आणि कॉलममध्ये साकळतं. नमुना चरबीयुक्त असेल, जेवणानंतर घेतलेलं रक्त असेल, तरी पांढरटपणा येतो.

एक सोपी परीक्षा आहे. थोडं निवळ घेऊन त्यात तुमचीच मोबाइल फेज मिसळा, ज्या प्रमाणात ती कॉलममध्ये भेटेल त्याच्या जवळपास. पाच मिनिटांत गढूळ झालं, तर ते मशीनला देऊ नका. ही परीक्षा स्वच्छ दिसणाऱ्या निवळावरही करा. दिसायला काचेसारखं असलेलं निवळ मोबाइल फेजमध्ये दुधाळ होताना मी अनेकदा पाहिलंय.

फिल्टर लावायचाच तर पीव्हीडीएफ किंवा पीटीएफई घ्या. नायलॉन काही औषधं धरून ठेवतो. कोणताही घेतला तरी पहिले काही थेंब टाकून द्या.

७. इंटर्नल स्टँडर्ड आधी घालायचं की निवळ काढल्यावर?

आधी. इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मापात घातलेला, औषधासारखाच पदार्थ. तो घाला प्लाझ्मा ट्यूबमध्ये घेतला की लगेच, प्रथिनं साकळण्यापूर्वी. त्याने औषधाबरोबर सगळा प्रवास करायला हवा: साक्यात अडकणं, पिपेटची चूक, सॉल्व्हंटचं उडणं. निवळात नंतर घातलं तर ते फक्त इंजेक्शनची चूक भरून काढतं. घातल्यावर दोन मिनिटं थांबून मिसळा, म्हणजे तेही औषधासारखं प्रथिनांना चिकटेल. एलसी-एमएस असेल तर ड्युटेरियम घातलेलं औषधच मिळवायचा प्रयत्न करा. महाग आहे, पण प्रश्न १४ मधली अडचण त्याच्याशिवाय नीट सुटत नाही.

८. रिकव्हरी ४० टक्केच येते. उरलेलं औषध गेलं कुठं?

तीन ठिकाणी शोधा. पहिलं, साक्यात. साक्यावर ताजं अॅसिटोनायट्राइल घाला, व्हॉर्टेक्स करा, पुन्हा फिरवा आणि ते इंजेक्ट करा. औषध दिसलं तर चोर सापडला. दुसरं, औषध मोडलं असेल; आम्ल वापरलं असेल तर आधी हाच संशय घ्या. तिसरं, ट्यूबच्या भिंतीवर. तेलकट रेणू प्लास्टिकला चिकटतात.

पण त्याआधी तुम्ही रिकव्हरी कशी काढली ते सांगा. स्टँडर्ड नुसत्या मोबाइल फेजमध्ये घेऊन तुलना केली असेल, तर तुमच्या ४० टक्क्यांत मॅट्रिक्स इफेक्ट (नमुन्यातल्या इतर पदार्थांनी सिग्नलवर केलेला परिणाम) मिसळलेला आहे. योग्य पद्धत अशी: कोऱ्या प्लाझ्मात आधी औषध घालून प्रक्रिया करा, आणि दुसरीकडे कोऱ्या प्लाझ्माची प्रक्रिया करून निघालेल्या निवळात तेवढंच औषध घाला. या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे रिकव्हरी. ती शंभर असायलाच हवी असं नाही. ७० टक्के आहे पण प्रत्येक वेळी ७० आहे, तर मी समाधानी असते. ९० आणि ६० मध्ये हेलकावे खाणारी पद्धत मात्र वापरू नका.

९. पर्क्लोरिक वापरल्यावर न्यूट्रल करायलाच हवं काय?

एन्झाइम पद्धतीने मोजणार असाल तर हो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा पोटॅशियम कार्बोनेट घालून बर्फात ठेवा. पोटॅशियम पर्क्लोरेट गारव्यात खाली बसतं, ते फिरवून काढा. कार्बोनेटने फेस येतो, ट्यूब अर्धीच भरा. एचपीएलसीसाठी न्यूट्रल केलं नाही, तर मोबाइल फेजमध्ये पोटॅशियम फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) नाही ना हे पाहा. असेल तर तोच क्षार कॉलममध्ये बसेल. सोडियमचा बफर घ्या.

साध्या सिलिका सी-१८ कॉलमला पीएच २ ते ८ मानवतो. टीसीएचं निवळ त्याच्या बरंच खाली असतं. एखाद-दुसऱ्या इंजेक्शनने काही होत नाही, शेकड्यांनी दिलीत तर कॉलम लवकर थकतो.

पर्क्लोरिकचं निवळ कधीही आटवून कोरडं करू नका. सेंद्रिय पदार्थांबरोबर कोरडं झालेलं पर्क्लोरिक स्फोट करतं.

१०. पावसाळ्यात टीसीएच्या बाटलीत पाणीच होतंय. फेकून द्यावी काय?

आपल्याकडच्या जुलैत हे होणारच, टीसीए हवेतलं पाणी ओढतं. असं ओलं झालेलं टीसीए तोलून घेऊ नका, वजनात पाणी मोजलं जातं. नवी सीलबंद बाटली आणली की ती उघडल्या दिवशी संपूर्णच विरघळवा: ५०० ग्रॅमची असेल तर पाणी घालून एकूण आकारमान ५०० मिली करा, म्हणजे १०० टक्के द्रावण झालं. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. लागेल तसं पातळ करायचं, नमुन्यातलं अंतिम प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचं. हातमोजे आणि चष्मा घालूनच. टीसीए कातडी जाळतं.

११. लघवी आणि लाळेसाठीही हेच करायचं?

निरोगी माणसाच्या लघवीत दिवसभरात १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन असतं. बहुतेक वेळा फिरवून, पातळ करून भागतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांची लघवी याला अपवाद, तिला प्लाझ्मासारखंच वागवा. लाळ चिकट असते. एकदा गोठवून वितळवा आणि फिरवा, चिकटपणा पुष्कळ खाली बसतो.

१२. म्हशीच्या दुधात अँटिबायोटिक शोधायचं आहे. व्हिनेगर टाकून नासवलं तर पुरेल?

पनीरला पुरेल, एचपीएलसीला नाही. पीएच ४.६ ला केसिन खाली बसतं. ते गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के, आणि म्हशीच्या दुधातही मोठा भाग त्याचाच. पण व्हे प्रथिनं पाण्यातच राहतात. टीसीए किंवा अॅसिटोनायट्राइल लागेलच.

आधी चरबी. आपल्या म्हशीच्या दुधात ती भरपूर. ४ अंशांवर फिरवा, वर घट्ट साय जमते, ती काढा. मग औषधाचा गट पाहा. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधं कॅल्शियमला पकडून केसिनला चिकटून बसतात. ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) असलेला मॅकइल्वेन बफर घातल्याशिवाय ती सुटत नाहीत. पेनिसिलीन गटाला उलट आम्ल चालत नाही (प्रश्न ३), तिथे अॅसिटोनायट्राइल. दोन्ही गट एकाच ट्यूबमधून काढायचा हट्ट करणाऱ्यांना मी दोन वेगळे नमुने घ्यायलाच सांगते.

नुकत्याच व्यालेल्या जनावराचा चीक आला असेल तर नेहमीचं माप विसरा. त्यात प्रथिन साध्या दुधाच्या कितीतरी पट असतं, म्हणूनच तर त्याचा खरवस थिजतो. आधी पाण्याने पातळ करा. लॅक्टोजसारखी साखर मोजायची असेल, तर कॅरेझ द्रावणं (पोटॅशियम फेरोसायनाइड आणि झिंकचा क्षार) वापरा.

१३. टॅक्रोलिमससाठी प्लाझ्मा न घेता पूर्ण रक्त का मागतात?

कारण हे औषध बहुतांश तांबड्या पेशींत बसलेलं असतं. प्लाझ्मा वेगळा केला की औषध टाकूनच दिलं. ईडीटीए ट्यूबमधलं पूर्ण रक्त घ्या, झिंक सल्फेटच्या द्रावणाने पेशी फोडा, आणि मग इंटर्नल स्टँडर्ड मिसळलेलं मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइल घाला. इथे प्रश्न ७ ला थोडी मुरड पडते, पण साकळण्याच्या क्षणी इंटर्नल स्टँडर्ड हजर असतंच. मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या गोळीचा डोस या आकड्यावर ठरतो. रक्त नीट मिसळलं नाही, तर वरच्या थरातून घेतलेल्या नमुन्यात आकडा खोटा कमी येतो. पिपेट लावण्याआधी ट्यूब आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करा.

१४. निवळ अगदी स्वच्छ, परीक्षेतही गढूळ होत नाही, तरी एलसी-एमएसवर सिग्नल पडतो. का?

प्रथिनं गेली, फॉस्फोलिपिड राहिले. ते अॅसिटोनायट्राइलमध्ये बऱ्यापैकी आणि मिथेनॉलमध्ये त्याहून जास्त विरघळतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि औषधाबरोबर बाहेर पडले की आयन बनू देत नाहीत. वस्तुमान १८४ च्या तुकड्यावर नजर ठेवा, ते कुठे बाहेर पडतात ते कळेल. औषध तिथून दूर सरकवा, प्रत्येक रननंतर कॉलम जास्त सॉल्व्हंटने धुवा, किंवा फॉस्फोलिपिड धरणाऱ्या प्लेट वापरा.

हे एकाच माणसाच्या प्लाझ्मावर तपासून भागत नाही. २०२२ च्या आयसीएच एम-१० मार्गदर्शकात (औषध मोजण्याच्या पद्धती तपासण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक) किमान सहा वेगवेगळ्या स्रोतांचा प्लाझ्मा घ्यायला सांगितलंय, त्यासाठीच.

१५. सुरुवातीचा पीक दुभंगतो. कॉलम गेला काय?

बहुधा नाही. निवळात ७५ टक्के अॅसिटोनायट्राइल आहे आणि तुमची मोबाइल फेज १० टक्क्यांवर सुरू होते. औषध कॉलमला चिकटण्याआधीच त्यातला काही भाग पुढे वाहून जातो. इंजेक्शन कमी करा, निवळ पाण्याने पातळ करा, किंवा नायट्रोजनखाली आटवून मोबाइल फेजमध्ये घ्या. आटवल्याने चार पट झालेली पातळाईही भरून निघते.

१६. निवळ डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल?

चालेल, पण शून्याखाली पाणी आणि अॅसिटोनायट्राइल वेगळे होतात. बाहेर काढल्यावर दोन थर दिसतील. पूर्ण खोलीच्या तापमानावर येऊ द्या, व्हॉर्टेक्स करा, फिरवा, मगच घ्या. मी शिकत असताना हे माहीत नव्हतं. घाईने वरच्या थरातून घेतलं आणि उंदरांच्या प्लाझ्माचे चाळीस नमुने वाया गेले. त्या जनावरांचं रक्त पुन्हा मिळणार नव्हतं. ते मला अजून सलतं, म्हणून प्रत्येक बॅचला हे पहिल्या दिवशी सांगते.

प्लाझ्माचंही तसंच: गोठवून वितळवला की फायब्रिनचे धागे दिसतात. आधी फिरवा, नाहीतर पिपेट चोंदून माप कमी येतं.

१७. उरलेलं सगळं बेसिनमध्ये ओतलं तर? थोडंच तर आहे.

नको. गटारातून ते शेवटी पंचगंगेकडेच जाणार. सॉल्व्हंटचा कचरा वेगळ्या, झाकणबंद डब्यात जमा करा. रक्ताचे साके आणि टिपा जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे. आणि टीसीए किंवा पर्क्लोरिक असलेल्या ट्यूबमध्ये निर्जंतुकीकरण म्हणून हायपोक्लोराइट कधीही ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो. अॅसिटोनायट्राइलचं शरीरात सायनाइड बनतं आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, तेव्हा ‘मला काही झालं नाही’ म्हणून घरी जाऊ नका. रक्त साकळलं म्हणजे विषाणू मेले असंही धरू नका. हिपॅटायटिस बीची लस घेऊनच कामाला लागा.

१८. प्रथिनं काढून मोजलं, तर ते प्रथिनाला चिकटलेलं औषध की मोकळं?

दोन्ही मिळून, एकूण. साकळताना प्रथिनाची घडी मोडते आणि चिकटलेलं औषध सुटून निवळात येतं. फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाचा साधारण १० टक्के भागच रक्तात मोकळा असतो आणि परिणाम तोच करतो. अल्ब्युमिन घसरलेल्या रुग्णात एकूण आकडा नेहमीसारखा किंवा कमी दिसला तरी मोकळा भाग वाढलेला असू शकतो. डॉक्टरांना मोकळा भाग हवा असेल, तर साकळवायचंच नाही: ३०,००० डाल्टनची अल्ट्राफिल्ट्रेशन ट्यूब वापरा आणि तापमान रिपोर्टवर लिहा, कारण तापमानाने चिकटणं बदलतं.

१९. साका लगेच टाकून देऊ काय?

त्या दिवशी नको. नंबर घालून उणे २० अंशांवर ठेवा आणि बॅचचे आकडे तपासून झाल्यावरच टाका. क्यूसी नमुना (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो तपासणीचा नमुना) ठरलेल्या १५ टक्क्यांच्या बाहेर गेला, तर प्रश्न ८ मधला पहिला शोध घ्यायला तोच साका लागतो. प्रथिनाला कायमचं जोडलं जाणारं औषध असेल, तर ते धुऊन सुटणार नाही. तो भाग साक्यातच असतो आणि तो मोजायला प्रथिन पचवून वेगळी पद्धत लावावी लागते.